‘महिन्यातून चार-पाच’: हिंजवडीतल्या एका तरुणाचं प्रकरण

वय 27. सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी हिंजवडी फेज 2 मध्ये, राहायला वाकडला दोन मित्रांबरोबर फ्लॅटवर. साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. तब्येतीची कसलीही तक्रार नाही. माझ्याकडे, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या समुपदेशकाकडे, येण्याचं कारण एवढंच, की टर्म इन्शुरन्सच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य, सापडलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्याची आणि आता त्याची बायको असलेल्या मुलीची परवानगी आहे.)

विम्याच्या अर्जात गेल्या 12 महिन्यांत तंबाखूचं कुठल्याही स्वरूपात सेवन केलं आहे का, असा प्रश्न होता. त्याने ‘नाही’ निवडलं होतं. तपासणीचा माणूस सोमवारी सकाळी घरी येऊन नमुना घेऊन गेला, आणि आदल्या रात्री एका मित्राच्या वाढदिवसाला याने तीन सिगारेटी ओढल्या होत्या. निकोटिन रक्तातून लवकर उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं होतं. यकृतात त्याचं जे कोटिनिन बनतं त्याला निम्मं व्हायला सोळा ते वीस तास लागतात, त्यामुळे ते लघवीत काही दिवस सापडत राहतं. विमा कंपन्या तपासतात ते हेच. अर्ज भरताना शेजारी त्याची होणारी बायको बसली होती. अहवालाचा ईमेलही दोघांनी एकत्रच उघडला. अपॉइंटमेंट तिने घेतली.

तो आला तो वैतागूनच. खुर्चीच्या कडेवर बसला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, “मॅडम, मी ॲडिक्ट नाहीये. महिन्यातून चार-पाच. त्यासुद्धा कुणी दिली तर. हिला उगाच मोठं वाटतंय.”

मी त्याला विचारलं, “तुम्ही स्वतः विकत घेता का कधी?”

“तू म्हणा मॅडम. पाकीट मी आयुष्यात घेतलेलं नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. ‘चार-पाच’वर त्याचा मनापासून विश्वास होता. कधीतरी ओढणाऱ्या तरुणांबरोबरच्या कामात माझी सुरुवात बहुतेक वेळा याच ठिकाणी होते. त्यांनी कुणाला फसवलेलं नसतं. त्यांनी कधी मोजलेलंच नसतं, कारण मोजायचं ते स्मोकरने, आणि आपण तर स्मोकर नाही! तंबाखू सोडवण्यासाठी जी काही मदत आपल्याकडे आहे, ती सगळी स्वतःला व्यसनी समजणाऱ्यांसाठी मांडलेली आहे. हा मुलगा त्या दारातून कधी आलाच नसता.

पूर्वेतिहास

मूळ गाव कराडजवळ. घरात तंबाखू होतीच. आजी मशेरी लावायची, वडील शेतात आणि बांधावर तंबाखू-चुना मळायचे, आणि याला घरात कुणी व्यसन म्हणत नव्हतं. महाराष्ट्राचं एकूण चित्रही असंच आहे. 2016-17 च्या प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूर ओढणारे सुमारे 6 टक्के आढळले होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे 24 टक्क्यांच्या आसपास. सिगारेट मात्र त्या घरात निषिद्ध. गावात ती ओढणारा मुलगा ‘हाताबाहेर गेला’. त्यामुळे पुण्यात आल्यावर तिचं आकर्षण तंबाखूचं म्हणून नव्हतं, शहराचं म्हणून होतं.

पहिली सिगारेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, हॉस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री. चार जणांत एक. ठसका लागला, डोकं गरगरलं. पुढे कॉलेजची उरलेली वर्षं तशीच गेली: परीक्षा, ट्रिप, सिंहगडावर पावसात भजी खाऊन झाल्यावर. नोकरी लागली तसा ऑफिसच्या गेटबाहेरचा ‘ब्रेक’ सुरू झाला.

मधला एक काळ तो पुन्हा पुन्हा सांगत होता. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तो गावी गेला आणि जवळजवळ दहा महिने घरून काम केलं. त्या काळात एकही सिगारेट नाही, आठवणसुद्धा नाही. “ॲडिक्ट असतो तर झालं असतं का हे?” त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच होता. मी तो नाकारला नाही. फक्त विचारलं, परत आल्यावर पहिली कधी ओढलीस? ऑफिस उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात, त्याच टपरीवर. मला त्यातून दिसलं ते असं, की याची सिगारेट त्याच्या अंगात कमी आणि पुण्यातल्या ठरावीक जागांवर, ठरावीक माणसांत जास्त राहते. गावी ती जागा नव्हती म्हणून सिगारेट नव्हती. तपासायचं होतं ते हे, की अंगात ती खरंच काही उरलेली नाही का.

मूल्यमापन

निकोटिनचं अवलंबित्व मोजायला सर्वात जास्त वापरली जाते ती फागरस्ट्रॉम चाचणी. सहा प्रश्न, गुण 0 ते 10. उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, दिवसाला किती, सकाळी जास्त ओढता का, आजारी असतानाही ओढता का, अशा धाटणीची. याचे गुण 0 आले. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्रही न ओढणाऱ्या माणसाइतकाच आकडा दाखवत होतं. हा वायू काही तासांत निम्मा होतो, दोन दिवसांपूर्वीची सिगारेट त्यात दिसत नाही. एखाद्या शिबिरात हा तपासला गेला असता तर ‘सर्व काही ठीक’ म्हणून घरी गेला असता.

म्हणून मी दुसरी प्रश्नावली घेतली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे डॉ. जोसेफ डिफ्रान्झा यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर काम करताना पाहिलं होतं, की रोज ओढायला लागण्याच्या कितीतरी आधी मुलांमध्ये ताबा सुटल्याची लक्षणं दिसतात. त्या कामातून तयार झालेल्या दहा हो-नाही प्रश्नांच्या यादीत ‘किती ओढता’ हा प्रश्नच नाही. तीव्र इच्छा होते का, खरोखर गरज वाटते का, मनाई असलेल्या जागी थांबणं जड जातं का, बराच वेळ न ओढल्यास चिडचिड होते का, लक्ष लागत नाही का, असे प्रश्न. एकालाही ‘हो’ आलं तर थोडा ताबा गेलेला आहे असं धरायचं.

पहिल्या चार प्रश्नांना तो ‘नाही’ म्हणाला. ‘खरोखर गरज वाटली आहे का’ यावर हसला आणि एक किस्सा सांगायला लागला. प्रॉडक्शन रिलीजची, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणायची रात्र, दीड वाजलेला, ऑफिसबाहेरच्या टपऱ्या अतिक्रमणवाल्यांनी त्याच दिवशी उचललेल्या. हा आणि एक मित्र स्कूटरवरून भर पावसात आधी फेज 1 ला, मग भूमकर चौकात, शेवटी वाकडच्या पुलाखाली जाऊन एक उघडी टपरी सापडेपर्यंत फिरले. “तिथे काय आनंद झाला मॅडम…” आणि तो मध्येच थांबला. पेन त्याच्या हातात होतं. त्याने त्या प्रश्नापुढे स्वतःच ‘हो’ लिहिलं, मग मागे जाऊन तीव्र इच्छेच्या प्रश्नाचं ‘नाही’ खोडलं. शेवटी चार ‘हो’ झाले.

आता आकडा. मी त्याला विचारलं, टपरीवर पैसे कसे देतोस? अर्थातच स्कॅन करून. मग त्याला फोनमधला यूपीआयचा इतिहास काढायला सांगितलं आणि टपरीवाल्याच्या नावाने शोधायला लावलं. मी शेजारी बसले होते, फोनला हात लावला नाही. चहा 15, सिगारेट 20. नुसत्या चहाच्या 15 आणि 30 च्या नोंदी त्याने सोडून दिल्या. उरलेल्या 20, 35, 40, 55, पुन्हा 35… अशा खाली खाली जात होत्या. जून, जुलै आणि ऑगस्ट मिळून तो 80 च्या पुढे गेला आणि थांबला. “यात मित्रांच्यापण आहेत,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मग त्यानेच पुढचं सांगितलं, की मित्रांनी पैसे दिलेल्या त्याच्या सिगारेटी या यादीत नाहीत, आणि शुक्रवार-शनिवारच्या बारमधल्यापण नाहीत. वजाबाकी-बेरीज करून आम्ही महिन्याला 25 वर आलो.

दिवस आणि वेळा पाहिल्यावर यादी आणखी बोलू लागली. मंगळवार-गुरुवारच्या नोंदी दुपारी साडेचार ते पाचच्या, म्हणजे अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलच्या आधीच्या. शुक्रवारच्या रात्री दहानंतरच्या. आणि एक गोष्ट मला अनपेक्षित होती. हा मुलगा ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. जुलैपासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ऑफिसमधून सुटला की थेट नदीपात्रातल्या सरावाला. त्या दिवशी संध्याकाळनंतरची एकही नोंद नव्हती. खांद्याला दोन तास ढोल, हात गुंतलेले, अवतीभवतीचे ओढत नाहीत आणि सरावाच्या जागी पथकप्रमुख ओढूही देत नाही. त्याला स्वतःलाही हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. कधीतरी ओढणाऱ्याला ‘दिवसाला किती’ विचारून काहीच हाती लागत नाही. केव्हा, कुठे, कुणाबरोबर, आणि ती संधी हुकली तेव्हा काय झालं, हे चार प्रश्न विचारले की चित्र उभं राहतं. या प्रकरणानंतर माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर किती हा प्रश्न सर्वात शेवटी गेला आहे.

सुटी सिगारेट

टपरीबद्दल थोडं लिहायला हवं. पत्र्याचा काउंटर, त्यावर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, वरून सुतळीला लटकणारा लायटर, आणि उघड्या पाकिटातून काढून हातावर ठेवलेली एक. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी आहे. तिचं कारण नेमकं हेच होतं, की पाकिटाच्या 85 टक्के भागावर जो इशारा आणि जे चित्र छापलेलं असतं, ते सुटी घेणाऱ्याच्या नजरेलाच पडत नाही. शिवाय पाकिटाचे दोन-अडीचशे एकदम मोजायला लागले तर कित्येक तरुण घेणारच नाहीत. बंदी कागदावर आहे, सुटी सिगारेट पुण्याच्या प्रत्येक टपरीवर आहे. पाकिटावर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत मदतीचा क्रमांकही छापलेला असतो. सात-आठ वर्षं सिगारेट ओढूनही या मुलाने तो कधी वाचला नव्हता, कारण पाकीट त्याच्या हातात येतच नव्हतं.

त्याच्या स्कूटरच्या डिकीत मात्र सगळी तयारी होती. हे त्याने दुसऱ्या भेटीत सांगितलं, जरा ओशाळून. छोटा डिओ, पुदिन्याच्या गोळ्या, ओल्या टिश्यूंचं पाकीट, आणि खास टपरीवर जाताना घालायचा एक जुना जॅकेट, म्हणजे ऑफिसच्या शर्टाला वास येत नाही. ‘कुणी दिली तर’ ओढणाऱ्या माणसाचं हे सामान. मी त्यावर काही टिप्पणी केली नाही. सांगताना त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

धोक्याची गोष्ट

“पण मॅडम, 25 म्हणजे दिवसाला एकपण नाही. एवढ्याने खरंच काही होतं?” हा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिकच द्यायला हवं होतं. घाबरवणं सोपं असतं, आणि हुशार मुलांवर ते दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

त्याचा हिशोब सरळ होता: वीसच्या जागी एक, म्हणून धोका विसावा भाग. फुप्फुसाच्या कर्करोगात किती ओढता आणि किती वर्षं ओढता याला फार महत्त्व आहे, तिथे कमी म्हणजे बरंच कमी असं म्हणता येतं. हृदयाचं तसं नाही. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात रोज एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा 48 टक्के जास्त दिसला, स्त्रियांना 57 टक्के. रोज वीस ओढल्याने जो जास्तीचा धोका येतो, त्यातला जवळजवळ निम्मा पहिल्या एका सिगारेटनेच येतो. धुराने रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सैल पडू शकत नाही, आणि हे परिणाम थोड्याशा धुरालाच बऱ्यापैकी वर जातात. नंतरच्या सिगारेटी त्यात त्या मानाने थोडीच भर घालतात. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्के वाढतो, त्याचंही स्पष्टीकरण हेच आहे.

रोज एकाहून कमी ओढणाऱ्यांचाही अभ्यास आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी सुमारे 2 लाख 90 हजार प्रौढांची माहिती तपासली. आयुष्यभर सातत्याने दिवसाला एकापेक्षा कमी ओढत आलेल्यांचा कुठल्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा 64 टक्के जास्त होता. हेही सांगितलं, की ही माणसं साठीच्या पुढची होती आणि आपण पूर्वी किती ओढायचो ते त्यांनी आठवून सांगितलं होतं, त्यामुळे आकडा तोळा-मासा इकडेतिकडे धरायचा. आणि हेही, की 27 व्या वर्षी त्याला आज-उद्या झटका येण्याची शक्यता फार कमी आहे. चाळिशीच्या आत जे पूर्ण सोडतात, त्यांचा सिगारेटमुळे वाढलेला मृत्यूचा धोका सुमारे 90 टक्के टळतो, हे 2013 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पुढे आलं आहे. म्हणजे त्याच्या हातात अजून जवळजवळ सगळं होतं. हा भाग ऐकताना तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

उपाययोजना

त्याचा पहिला प्रस्ताव होता, ‘फक्त शनिवारी’. मी नको म्हटलं. रोज वीस ओढणाऱ्याला कमी करत आणणं ही एक पायरी असू शकते. हा आधीच खालच्या पायरीवर उभा होता. तिथे नियम केला की त्या शनिवारला परवाना मिळतो. शिवाय हा नियम त्याने पूर्वी करून पाहिला होता, आणि त्याचा शनिवार शुक्रवारी दुपारीच सुरू व्हायचा. मग म्हणाला, घटस्थापनेपासून सोडतो. आपल्याकडे श्रावणात, नवरात्रात माणसं किती सहज सोडतात, आणि ती ताकद खरी आहे. पण अशा सोडण्याला शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. शिवाय घटस्थापना महिनाभर लांब होती. गणपती बसायच्या आधीचा सोमवार ठरला.

सगळ्यात अवघड मुद्दा टपरीचा होता. “तिथे नाही गेलो तर मला काही कळतच नाही मॅडम. कोण कुठल्या प्रोजेक्टवर जाणार, कुणाचं काय चाललंय, अप्रेझलच्या आधी टीम लीड काय बोलतो, सगळं तिथेच.” हे मी हलक्यात घेतलं नाही. त्याच्या टीममधल्या मुली टपरीवर जात नाहीत आणि त्यांना या गोष्टी दोन दिवसांनी कळतात, हेही बोलण्यात आलं. त्या अन्यायावर एखाद्या कंपनीने खरंच विचार करायला हवा. याला टपरी सोडायला लावली असती तर तो आठवड्याभरात सिगारेटसकट परत गेला असता. म्हणून जायचं, पण उभं राहायचं ते काउंटरपासून लांब, वडापावच्या गाडीच्या बाजूला. दोन्ही हात गुंतलेले, एकात चहा, दुसऱ्यात खायला काहीतरी. आणि जायच्या आधी दोन माणसांना सांगून ठेवायचं. त्याने लीडला मेसेज केला, “मी बंद केलीये, मला ऑफर करू नका.” उत्तर आलं, “भारी. मला पण करायचीये कधीपासून.” इतक्या दिवसांच्या सोबतीत हा विषय त्यांच्यात एकदाही निघाला नव्हता.

दारूचा मुद्दा तसाच राहिला. पहिले काही आठवडे पिऊ नये असं मला वाटत होतं, कारण दोन बिअरनंतरचा निर्णय हा त्याचा निर्णय नसतो. त्याने ते मान्य केलं नाही. मधला मार्ग म्हणून बसायचं आतल्या टेबलवर, भिंतीकडच्या खुर्चीत, आणि मंडळी धुरासाठी बाहेर उठली की आपण उठायचं नाही.

निकोटिनच्या च्युइंगमबद्दल त्याने विचारलं. 2 मिलिग्रॅमचं गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं. मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला त्याच्या फिजिशियनकडे पाठवलं. रोज न ओढणाऱ्यांमध्ये त्याचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही, सध्या नको, असं त्यांचं मत पडलं.

एका भेटीला दोघं एकत्र आली. ती त्याच्या बोटांचा वास घेत होती, ऑफिसमधून निघाल्यावर लाइव्ह लोकेशन मागत होती. त्याला ते झोंबत होतं. ती म्हणाली ते मला महत्त्वाचं वाटलं: “याने मला कमी सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही मॅडम. याला स्वतःलाच माहीत नव्हतं, याची भीती वाटते.” ठरलं ते असं, की ती तपासणार नाही आणि ओढली तर तो त्याच दिवशी सांगेल. विम्याच्या कंपनीलाही त्याने खरं कळवलं आणि तंबाखू घेणाऱ्यांसाठीचा जास्तीचा हप्ता स्वीकारला. पॉलिसी निघाल्यावर पहिल्या तीन वर्षांत खोट्या माहितीवरून विमा कायद्याच्या कलम 45 खाली ती अडचणीत येऊ शकते, हे त्याच्या होणाऱ्या बायकोनेच वाचून काढलं होतं.

काय झालं

गणपतीचे दिवस छान गेले. सराव, मग आगमनाच्या मिरवणुका, मग विसर्जनाच्या दिवशी पहाटेपर्यंत वाजवणं. टपरीवरही निभावलं. तो म्हणत होता, “इतकं सोपं होतं तर?” मला एवढ्यावर समाधान नव्हतं, कारण त्या दिवसांत त्याच्या संध्याकाळी भरलेल्या होत्या आणि विसर्जनानंतर त्या रिकाम्या होणार होत्या.

सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. शनिवारची रात्र, रूममेट गावी गेलेले, बाहेर पाऊस, रिलीज दुपारीच झालेला. कुणी दिली नाही, कुणी बोलावलं नाही. तो उठला, खाली गेला. कोपऱ्यावरच्या अनोळखी दुकानदाराने सुटी दिली नाही म्हणून त्याने दहाचं पाकीट घेतलं, आयुष्यातलं पहिलं, आणि बाल्कनीत बसून एकट्याने दोन ओढल्या. ठरल्याप्रमाणे तिला त्याच रात्री सांगितलं. मला सांगताना आवाज खाली गेलेला. “मॅडम, मला वाटायचं मी फक्त लोकांबरोबर ओढतो.”

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस तोच. प्रश्नावलीतले चार ‘हो’ जे सांगत होते ते आता त्याला अंगावर कळलं होतं. बहुतेक सिगारेटी जागा आणि माणसं ओढायला लावत होती, पण त्यांच्याखाली निकोटिनची स्वतःची ओढ होतीच. ती लहान होती, आणि गजबज कमी झाल्यावरच ऐकू येत होती. दिवस मोजणं पुन्हा शून्यापासून सुरू करायचं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मोजायचंच असेल तर ओढलेल्या मोज. सप्टेंबरमध्ये दोन. ऑगस्टमध्ये पंचवीस.

उरलेलं पाकीट तो घेऊन आला होता. आम्ही ते टेबलावर ठेवलं आणि त्याने सगळ्या बाजूंनी वाचलं. क्रमांक तिथेच होता. त्याने तिथूनच फोन लावला, बोलणं मराठीत झालं, आणि पुढच्या फोनचे दिवसही ठरले. एकटा असताना येणारी हुक्की बहुधा काही मिनिटांत ओसरते, म्हणून तेवढी मिनिटं काढायची साधी साधनं ठरवली: पाणी, जिने उतरून चढणं, कराडला भावाला फोन. आणि रिकाम्या संध्याकाळींसाठी पथकातल्याच चार-पाच मित्रांबरोबर आठवड्यातून दोनदा टर्फवर फुटबॉल. हे शेवटचं त्याने स्वतः सुचवलं.

त्यानंतर लग्नाआधीच्या लोणावळ्याच्या पार्टीत त्याने एक ओढली. ती त्याने सांगितली, आम्ही तिच्यावर पाच मिनिटं बोललो आणि पुढे गेलो. लग्न झालं. सहाव्या महिन्यातल्या भेटीत त्या एकीनंतर काही नव्हतं, वर्षाच्या भेटीतही नाही. टीम लीड अजून सोडायचं म्हणतो आहे. डिकीतलं सामान गेलं, पुदिन्याच्या गोळ्या राहिल्या, कारण त्या त्याला आवडतात.

आता कंपनी त्याला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवते आहे. भारतात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, तिथे ती दुकानात मिळते, आणि टीममधल्या एकाने “ती चालते, त्यात धूर नसतो” असं त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. मी त्याला सांगितलं, की वीस ओढणाऱ्याने सिगारेटऐवजी ती घेतली तर तो हिशोब वेगळा होईल. जो काहीच ओढत नाही त्याच्यासाठी ते निकोटिन परत सुरू करणंच आहे. थंडी, नवा देश, नवे सहकारी, संध्याकाळी खोलीवर एकटं. धोका टपरीपेक्षा त्या खोलीत जास्त आहे, आणि हे या वेळी त्याने माझ्या आधी म्हटलं. निघण्याआधी एक भेट ठरली आहे, आणि तिथे गेल्यावर पहिले सहा रविवार व्हिडिओ कॉलवर.